न फुटलेली घड्याळं

सावळाराम निचिते यांच्या डोक्यावर मुसळाचे किती घाव बसले, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. चेहरा म्हणून काही उरलंच नव्हतं. घरच्या बायकांनी त्यांना ओळखलं ते सदऱ्यावरून.

मुरबाडहून धसईकडे निघालं की उंबरपाडे लागतं. त्या दिवशी गावात लग्न होतं. भर दुपारी मांडवात बेंजो वाजत होता आणि मागच्या आळीत एक माणूस ठेचला जात होता. नाचणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बेंजोपुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे मागच्या आळीतलं मुसळ कुठून ऐकू येणार?

मुसळ निचित्यांच्याच घरचं, भात कांडायचं, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं. माणूस मारून मारेकरी थांबला नव्हता. सावळारामांना जुनी घड्याळं जमवायचा नाद होता. कपाटातली काही घड्याळं काढून त्याच मुसळाने फरशीवर कुटली होती. काचा, काटे, चाकं, सगळ्याचा एक ढीग झाला होता आणि त्या ढिगात सावळारामांचं रक्त मुरलं होतं.

आता गंमत बघा. होळीच्या दिवशी पेटत्या होळीसमोर सावळारामांचा मुलगा ओमकार बापावर ओरडला होता, की एक दिवस ही सगळी घड्याळं मुसळानं कुटून टाकीन. हे सगळ्या गावाने ऐकलं होतं. पोलिसांना आणखी काय हवं? खुनाच्या वेळी ओमकार मांडवात नव्हता. भारी किमतीची घड्याळं जागच्या जागी होती, म्हणजे चोरी नाही. भावकीतल्या पोरांनी तर पोलिसांची वाट न बघता ओमकारला ओसरीवर पाडून तुडवलं. त्याचे पुढचे दोन दात गेले. फौजदार म्हसकरांनी त्याला सोडवलं आणि सांगितलं, बापाचं दहावं कर, मग तुला घेऊन जातो.

दहाव्याला दोन दिवस उरले असताना ओमकारची बायको भाग्यश्री आसनगावला वत्सला धानकेकडे आली.

वत्सला पूर्वी पोलिसात हवालदार होती. साहेबाला तोंडावर मूर्ख म्हटल्यामुळे नोकरी सोडावी लागली. साहेब मूर्ख होता, त्यामुळे तिला त्याचं वाईट वाटलं नाही. आता स्टेशनजवळ औषधांच्या दुकानावर तिची खोली होती आणि बाहेर 'खाजगी चौकशी' अशी पाटी होती. नवरा वारल्यापासून धाकटा दीर गणू तिची गाडी चालवायचा. गणूला कुठलीही गोष्ट कळायला वेळ लागे, पण एकदा धरलं की तो सोडत नसे.

भाग्यश्रीला सातवा महिना होता. जिना चढून तिला धाप लागली होती. पाणी पिऊन ती एवढंच म्हणाली, "बाई, त्यांनी नाय केला. घरात कोंबडी कापायची झाली तर ते बाहेर जाऊन उभे ऱ्हातात."

"मग तुझ्या सासऱ्यांवर ते एवढे चिडले कशाने?"

"घड्याळांपायी. मामंजी घराकडं बघायचेच नाय. पण होळीच्या आधीच त्यांचा नाद सुटला होता बाई. यांना त्ये पटतच नव्हता."

मग तिने सांगितलं ते असं. सावळारामांचे वडील कोंडू निचिते तानसाच्या पाइपलाइनवर कामाला होते. निवृत्तीच्या वेळी बरोबरच्यांनी वर्गणी काढून त्यांना एचएमटीचं घड्याळ दिलं होतं आणि पाठीवर त्यांचं नाव खोदून घेतलं होतं. पुढे अडचणीच्या दिवसांत ते विकलं गेलं. सावळाराम मोठे झाल्यावर ते घड्याळ शोधायला लागले आणि त्या शोधापायीच त्यांना हा नाद लागला. हे नाही तर ते, करत घड्याळं साठत गेली. आणि गेल्या थंडीत कल्याणच्या एका भंगारवाल्याच्या डब्यात कोंडू निचित्यांचं नाव असलेलं घड्याळ त्यांना सापडलं.

"त्या दिसापासून एक घड्याळ आणला नाय," भाग्यश्री म्हणाली. "त्येच हातात. साखळीचा पट्टा होता, ताणून घालायचा. आंघोळीलाबी काढायचे नाय, हात बाहेर धरायचे. आणि रातचे घोरायला लागले. आधी नुसते जागे बसायचे."

"ते घड्याळ आता कुठे आहे?"

"कुटलेल्यात असंल, असा साहेब बोल्ले."

वत्सलाने पर्स उचलली. "भावजी, गाडी काढा."

म्हसकर नोकरीत नवे असताना वत्सलाकडून काम शिकले होते. त्यांनी कुरकुर करत खोलीचं सील काढलं. आत अजून रक्ताचा वास होता. भिंतीवर वाळलेले शिंतोडे छातीएवढ्या उंचीपर्यंत गेले होते. गणू दारातच थांबला.

वत्सलाने आधी कपाट उघडलं. खण सरळ आत बसलेले होते. प्रत्येक खणात मखमलीचे खळगे होते आणि खळग्यांत घड्याळं. मधूनमधून एखादा खळगा रिकामा. दोन घड्याळं, एक रिकामा, पुन्हा तीन घड्याळं, एक रिकामा. उरलेली घड्याळं पांढऱ्या, काळ्या, पिवळट पडलेल्या तबकड्यांची होती, दिसायला अगदी साधी. सगळ्यांना चामड्याचे पट्टे होते. सावळारामांची ती पद्धत होती, असं भाग्यश्री दारातून म्हणाली.

मग वत्सला ढिगापाशी बसली आणि पेनाच्या टोकाने एकेक तुकडा बाजूला करू लागली. गणू धीर करून आत आला आणि वाकून बघत म्हणाला, "वहिनी, ह्यो पोपटी तुकडा बघा. माझ्या घड्याळाचा रंग."

त्याने मनगट पुढे केलं. कल्याणला पुलाखाली घेतलेलं त्याचं घड्याळ तसंच पोपटी होतं. ढिगात पोपटी होतं, केशरी होतं, गुलाबी आणि मोरपिशी होतं. चामड्याचे पट्टे होते. साखळीचा एकही पट्टा नव्हता.

"प्रेताच्या मनगटावर काही खूण होती?" तिने विचारलं.

म्हसकरांनी आठवून सांगितलं. डाव्या मनगटावर गोल पट्टाभर केस उपटल्यासारखे होते आणि कातडी सोललेली होती. झटापटीत झालं असेल, असं त्यांनी धरलं होतं.

"घड्याळ फोडायला ते हातातून का काढायचं?" वत्सला म्हणाली. "मुसळ हातात होतंच की."

ओमकार ओसरीवर बसला होता. ओठ सुजलेला, एक डोळा मिटलेला. वत्सलाने कपाटातली दोन घड्याळं त्याच्यापुढे ठेवली आणि यातलं भारी कुठलं, ते विचारलं. त्याने दोन्हीकडे बघितलं आणि मान हलवली. त्याला दोन्ही सारखीच दिसत होती. त्या दुपारी तो मांडवातून उठून नदीकडे जाऊन पडला होता. कोणी बघितलं नव्हतं.

"का उठलास?"

"बापाचा दोस्त धर्माशेठ मांडवात माझ्यावरून मस्करी करीत होता. मुसळ कवा काढतोस, विचारीत होता. सगळे हसले." त्याने समोरचं एक घड्याळ उलटं करून बघितलं. "बाप रोज हाक मारायचा, ये रे, आज्याचा घड्याळ बघ. मी एकदाबी नाय बघितला. आता मला फाशी दिली तरी त्येच आठवंल."

हे ऐकून वत्सलाला गलबलून आलं. तिने ते दाखवलं नाही, पण जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

वाशिंदला स्टेशनाबाहेर स्वरूप नावाच्या माणसाचं घड्याळांचं दुकान होतं. सावळारामांना बरीचशी घड्याळं त्याने विकली होती आणि खुनाच्या दिवशी तो उंबरपाड्याला गेला होता, हे लोकांनी बघितलं होतं. त्याने ते नाकारलं नाही. गिऱ्हाईक तुटलं होतं, ते पुन्हा जोडायला तो नवा माल घेऊन गेला होता. हाका मारल्या, आतून ओ आली नाही, दार लोटलेलं होतं, म्हणून परत आला, असं त्याचं म्हणणं.

गणूचं घड्याळ बघून स्वरूप खूश झाला. "असला माल दाखवा, हातोहात जातो," तो म्हणाला. जुन्या घड्याळाची तबकडी खराब झाली, की बाजारात ती भडक रंगांत रंगवून घेतात. आत मशीन जुनंच असतं. नवखा माणूस रंगाला भुलतो. सावळारामही सुरुवातीला भुलले होते, पण नंतर कळल्यावरही त्यांनी ती घड्याळं टाकली नव्हती. अस्सल घड्याळांच्या शेजारीच ठेवली होती.

"तुम्हाला कुठली आवडतात?"

"बाई, मला रंगीत बरी. अस्सल घड्याळाला गिऱ्हाईक वर्षभर घासाघीस करतो. पोपटी सकाळी लावलं तर संध्याकाळपर्यंत जातं."

"माणसं अशी एकामागून एक घड्याळं का घेतात हो?"

स्वरूप हसला. "मिळेपर्यंत मजा असते. हातात आलं की चार दिवस. मग माणूस पुन्हा माझ्या दारात. पोट भरलं असतं तर मी उपाशी मेलो असतो."

किन्हवलीच्या पुढे धर्मा वेखंडेची वीटभट्टी होती. सावळारामांचा हा जुना जोडीदार. दोघांनी घड्याळं शोधत भंगारबाजार बरोबर पालथे घातले होते. वत्सला आणि गणू पोचले तेव्हा धर्मा एका ट्रॅक्टरवाल्याला पट्ट्याने मारत होता. विटा फुटल्या होत्या म्हणे. पट्ट्याचं बक्कल त्या माणसाच्या पाठीत रुतत होतं आणि बाकीचे मजूर खाली मान घालून विटा रचत होते. पाहुणे दिसले तसा धर्माने पट्टा कमरेला लावला आणि चहा सांगितला.

एप्रिलचं ऊन, वर भट्टीची धग. गणूचा सदरा पाठीला चिकटला होता. धर्माच्या मात्र दोन्ही हातांच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद होत्या. डाव्या हातात बाहीवरून एक जाडजूड परदेशी घड्याळ होतं.

"आमी भाऊ होतो भाऊ," तो म्हणाला. "त्या पोरानं घात केला. होळीला मी तिथंच होतो, माझ्या कानांनी ऐकला."

त्याने कौतुकाने आपला साठा दाखवला. लोखंडी कपाटात पांढऱ्या, काळ्या, पिवळट तबकड्या ओळीने मांडलेल्या. रंगीत एकही नव्हतं. गणूने भाबडेपणाने आपलं पोपटी घड्याळ काढून पुढे केलं आणि कसं आहे, विचारलं. धर्माने ते दोन बोटांत पट्ट्याला धरून उचललं, क्षणभर बघितलं, परत दिलं आणि बोटं पँटला पुसली.

वत्सलाने त्यालाही तोच प्रश्न विचारला. माणूस घेत का राहतो?

"शेवटचा म्हणून कोण घेतो का?" धर्मा म्हणाला. "पुढचा असतोच."

"सावळारामांनी घेतलं होतं ना शेवटचं?"

धर्माने चहाचा कप खाली ठेवला. "तो खोटा बोलायचा. असा कोण थांबत नाय."

परतीच्या वाटेवर गणू म्हणाला, "त्या माणसाला उन्हाचा काय वाटतच नाय बघा."

"वाटत असेल हो, भावजी," वत्सला म्हणाली.

दहाव्याला नदीकाठी सगळं गाव जमलं होतं. न्हाव्याने भावकीतल्या पुरुषांची डोकी केली. ओमकारचंही डोकं केलं. म्हसकर दोन शिपायांसह आंब्याखाली उभे होते. वत्सलाने निरोप पाठवला होता म्हणून स्वरूप आला होता. धर्मा वेखंडे जोडीदार या नात्याने पुढेच होता.

पिंड ठेवला आणि लोक मागे सरले. असा मारलेला माणूस, काहीतरी मागे राहिलंच असणार, कावळा दुपारपर्यंत शिवायचा नाही, असं जो तो म्हणत होता. पण लोक सरतात न सरतात तोच कावळा आला आणि पिंडाला शिवला. बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"नवल कसलं त्यात," वत्सला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सावळारामांची इच्छा राहिली नव्हती. म्हणून तर मारले गेले."

म्हसकर पुढे आले, तशी वत्सला सांगू लागली.

"ओमकार म्हणाला होता, सगळी घड्याळं कुटीन. रागावलेला माणूस काय करतो? खण ओढतो, उपडा करतो आणि सापडेल त्यावर घाव घालतो. इथे खण जागच्या जागी होते. मारेकऱ्याने एकेक घड्याळ निवडून काढलं. शेजारच्याला धक्का लावला नाही. कुटलेल्यात पोपटी, केशरी, गुलाबी होती, सगळी रंगवलेली. अस्सल एकही फुटलं नाही."

"ओमकारने निवडली नसतील कशावरून?" म्हसकरांनी विचारलं.

"तो फक्त भडक रंग वेगळे काढू शकला असता. पण का काढेल? त्याच्या लेखी सगळी सारखीच शत्रू. बापाचं रक्त फरशीवर असताना तो रंग बघत बसेल?"

"मग हा?" म्हसकरांनी स्वरूपकडे बोट केलं. त्याचा चेहरा उतरला.

"त्याला अस्सल ओळखता येतं. पण रंगीत घड्याळ हे त्याचं पोट आहे. देखावा करायला त्याने पोपटी फोडलं नसतं, ते पिशवीत घातलं असतं. रंगवलेल्या घड्याळाची किळस येणारा माणूस वेगळा. त्याने माझ्या दिराचं घड्याळ दोन बोटांत धरलं आणि नंतर बोटं पुसली. ओमकार मांडवातून उठून गेल्याचं त्याने बघितलं होतं. त्याच्यावर आळ यावा म्हणून घड्याळं फोडायची हे त्याने ठरवलं, पण पहिलं अस्सल हातात आलं आणि हात उचलेना. मित्राचं डोकं फोडताना तो उचलला होता, धर्माशेठ."

धर्मा हसला. "रंगावरून फाशी देतील काय मला?"

"नाही. सावळारामांच्या हातात वडिलांचं घड्याळ होतं, साखळीच्या पट्ट्याचं. ढिगात साखळीचा पट्टा नाही, कपाटात नाही. मनगटावर केस उपटलेले, कातडी सोललेली. ते प्रेताच्या हातातून ओढून काढलं. भंगारात कोणी विचारणार नाही असं घड्याळ. त्याच्यापायी खून कोण करेल? ज्याच्याकडे बाकी सगळं आहे आणि तरी झोप नाही तो. तुमच्याबरोबर सगळे बाजार फिरलेला माणूस एके दिवशी म्हणाला, मला आता काही नको. ते तुम्हाला बघवलं नाही. रक्ताचे कपडे कुठे गेले हे मी विचारत नाही, भट्टी तुमचीच आहे. पण ते घड्याळ तुम्ही भट्टीत टाकणार नाही आणि घरी ठेवून बाहेरही पडणार नाही. एप्रिलमध्ये भट्टीपुढे बाह्या बंद करून कोण उभा राहतो? डाव्या हातात बाहीवरून दुसरं घड्याळ आहे, म्हणजे उरला उजवा. उजवी बाही वर करा."

पुढचं फार पटकन झालं. न्हाव्याचा वस्तरा कापडावर पडला होता. धर्माने तो उचलला आणि वत्सलाच्या गळ्याच्या दिशेने फिरवला. मध्ये गणू आला. वस्तरा त्याच्या हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत उतरला आणि रक्ताची धार वाळूवर पडली. गणूने धर्माची उजवी बाही दुसऱ्या हाताने धरली होती, ती सोडली नाही. बाही खांद्यापासून फाटली. मग भावकीतली तीच पोरं धावली, ओमकारला तुडवणारी. धर्माचं नाक फुटलं, बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. म्हसकरांनी ओढून काढलं नसतं तर त्या दिवशी नदीवर आणखी एक मुडदा पडला असता.

धर्माच्या उजव्या कोपराच्या खाली, मनगटापासून वर ताणून चढवलेलं, साखळीच्या पट्ट्याचं जुनं घड्याळ होतं. म्हसकरांनी ते काढून उलटं केलं. कोंडू निचिते हे नाव झिजलं होतं, पण वाचता येत होतं.

वत्सला पदर फाडून गणूच्या हाताला बांधत होती. "मूर्ख आहात तुम्ही भावजी," ती म्हणाली आणि रडली. गणूला ती का रडते ते कळलं नाही.

धर्मा वाळूत बसला होता. तोंडातून रक्त थुंकत तो ओमकारकडे बघून बोलायला लागला. कोणी विचारलं नव्हतं.

"माझी सगळी देतो, बोल्लो त्याला. एकाच्या बदल्यात सगळी. तो हसला. तुला ह्याचा काय उपेग, बोल्ला. मग मुसळ दिसला." त्याने मोकळ्या झालेल्या हाताकडे बघितलं. "रोज चावी दिली. कानाशी धरून झोपलो. काय नाय त्याच्यात. बाकीच्यांसारखाच वाजतो."

घड्याळ पुरावा म्हणून न्यावं लागणार होतं, पण म्हसकरांनी आधी ते ओमकारच्या हातात दिलं. ओमकारने ते बघितलं. भाग्यश्री जवळ आली तसं त्याने तिलाही दाखवलं, नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलं. जमलेल्यांतल्या कोणीतरी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. त्याला तुडवणाऱ्यांपैकीच तो एक होता.

शिपायांनी धर्माला उठवून बेड्या घातल्या. गाडीपाशी म्हसकरांनी दार उघडायला हात पुढे केला. धर्मा थबकला. सुजलेल्या डोळ्यांनी तो त्यांच्या मनगटाकडे टक लावून बघत होता.

"साहेब, हा कुठला?" त्याने विचारलं. "तबकडी जुनी दिसते. विकता?"

म्हसकरांनी बाही खाली ओढली आणि त्याला गाडीत ढकललं.